कोपरा दबलेला डबा

—दबलाय, दबलाय, दिसतंय मला! फॉर्मवरच्या त्या रकान्यात 'पडला' असं लिहा आणि मोकळे व्हा. आणि खुळखुळ्यासारखा हलवू नका हो तो—आत काय वाजतंय? स्क्रू असेल सुटलेला, दुसरं काय असणार! नवी लाइन आली, तुम्हा टेलिफोनवाल्यांना जुना डबा परत न्यायचाय, तर न्या की. आणि जरा हळू, आतल्या खोलीत आमचे दाजी पडलेत. घर त्यांचंच, इथली कंपनीची शाखाही त्यांचीच—मी आपला ताईचा भाऊ, सध्या त्यांच्या जागी बसतो. मूळचा मी मुख्य ऑफिसातला. पंचवीस वर्षं या तारांशी मारामारी केली, साहेब! एका गिऱ्हाइकाला पासवर्ड आठवेना—तारेनं खुर्चीला बांधला आणि खुर्चीसकट जिन्यावरून सोडला. सतरा पायऱ्या! बाराव्या पायरीवर आठवला बेट्याला, पण खुर्चीला ब्रेक कुठे असतो? हसताय? विचारा ना कुणालाही—म्हणजे, तो सोडून.

हा डबा मात्र सज्जन. आयएसडीएनची तार, म्हणजे फोनच्या तारेवरून कॉम्प्युटर जोडायची जुनी सोय—मी तिकडून नंबर फिरवायचा, हा इथे उचलायचा, की मी तिथे बसल्या बसल्या इथल्या कॉम्प्युटरमध्ये. कामगारांच्या पाळ्यांचे तक्ते ओढून घ्यायचे. आता तार अरुंद आणि तक्ते लठ्ठ, म्हणून ते दाबून पाठवायचे, गादी गुंडाळतात तसे, आणि पलीकडे उलगडायचे—कॉम्प्रेशन म्हणतात ते. अट एकच, दोन्ही टोकांना चालू पाहिजे. एका टोकाला बंद झालं की नुसते ठिपके आणि चौकोन, आणि लांबून दुरुस्त करायचीही सोय नाही, कारण मी शिरणार ती वाटही तीच! मग चार तास गाडीत हाडं खिळखिळी करत यायचं. ताईला एकदा जेवताना गमतीनं सांगितलं होतं, "डब्यामागचं ते कॉम्प्रेशनचं बारकं बटण बंद कर, की भाऊ दारात हजर!" हसली होती.

आणि मग ते बंद व्हायला लागलं की हो. दाजींना फोन केला, त्यांनी चालू केलं. आठवड्यात पुन्हा बंद. पुन्हा फोन. ताई फोनवर यायची, पण "बरं आहे, बरं आहे" एवढंच, मागे दाजींचा श्वास ऐकू यायचा. आणि मला तर गाडीचा कंटाळा—तिसऱ्या खेपेला मी आपला चेष्टेनं म्हणालो, "दाजी, तुमच्याकडे कुणीतरी मुद्दाम बोट घालतंय बघा, शोधा जरा." घरात माणसं किती? दोन. हे मला तेव्हा सुचलं नाही. —नाही सुचलं. काय बघताय असे? नाही सुचलं म्हणतो ना!

चौथ्यांदा बंद झालं, तेव्हा मात्र स्वतः आलो. दार ताईनं उघडलं. उजवा हात प्लास्टरमध्ये, बाहेर आलेली बोटं वांग्यासारखी. "न्हाणीघरात पडले रे." पडून बोटं अशी मोडतात का हो, एकेक, चारच्या चार? आणि हा दाजी आतून ओरडतोय, "सापडला बरं का तुमचा उंदीर!" हसत ओरडतोय.

मग काय, मग डबा पडला. फळीवरून. त्यांच्या तोंडावर. तीन वेळा. —फळी? ही काय, गुडघ्याएवढी. हो, उभेच होते ते. तुमची नजर फारच बारीक बुवा! पहिल्यांदा पडला तेव्हा जबडा वाजला. दुसऱ्यांदा ते खाली बसले, हात जोडले—जोडलेच, खोटं कशाला बोलू—आणि तिसऱ्यांदा पडला तो त्यानंतर. डॉक्टरांनी विचारलं, पोलीस येऊन गेले, दाजींनी पाटीवर लिहून दिलं, 'जिन्यावरून पडलो'. आता नळीनं जेवतात. आमच्या घरात सगळे पडतातच, साहेब—ताई पडली, डबा पडला, दाजी पडले. तुमच्या रकान्यात आणखी एक पडला तर कुणाचं काय बिघडतंय?

—हे काय, झाकण कशाला उघडताय? म्हटलं ना स्क्रू आहे. हवेच्या फटी जरा रुंद आहेत या डब्याला, बाहेरचं काहीबाही आत जातं... ठेवा तो तिथंच. दात आहे तो. दाजींना आता काय उपयोग त्याचा, आणि तुम्हालाही काय.

ताई, साहेबांच्या हातातला स्क्रूड्रायव्हर घे गं. —डाव्या हातानं घेते ती, सांभाळून द्या. आता लिहा. मी बघतोय. पहिलं अक्षर 'प'.

हं. दार ओढून घ्या जाताना.