पितळी बटणाची किंमत

नाव व पत्ता वेगळ्या कागदावर लिहून दिला आहे. वय छप्पन्न. धंदा घरकाम. शिक्षण सातवी. त्यापुढचे वाचनालयातून पुस्तके आणून घरी झाले, पण ते रकान्यात बसत नाही, असे लिहून घेणाऱ्या हवालदारांनी सांगितले.

ठाण्यात स्वतः हजर राहून, विचारल्यावरून सांगते की, मी वरील पत्त्यावर एकटी राहते. माझे पती अग्निशमन दलात होते. दोन वर्षांपूर्वी कामावर असताना वारले.

आमच्या गल्लीच्या टोकाला टेलरबाईंचे शिलाईचे दुकान आहे. दुपारी जेवणाच्या वेळी त्या शटर अर्धे खाली ओढतात. त्या वेळात आम्ही चौघी तिथे बसतो. टेलरबाई, हॉस्पिटलमधून निवृत्त झालेल्या सिस्टर, माझी धाकटी नणंद आणि मी. पती गेल्यानंतर मी घराबाहेर पडत नव्हते. नणंदच मला हाताला धरून तिथे घेऊन गेली. म्हणाली, "वहिनी, पुस्तकं कुठे पळून जात नाहीत. जरा माणसांत बसा."

तिथे सिस्टरांनी आम्हाला पोकर शिकवला. त्यांना तो वॉर्डात पाय मोडून पडलेल्या एका पेशंटने शिकवला होता. प्रत्येकीला पाच पाने वाटायची. नको असलेली पालथी टाकून तितकीच नवी घ्यायची. मग आपली पाने भारी वाटत असतील तर पुढे लावायचे, नाहीतर पाने ठेवून डाव सोडायचा. बाकी सगळ्यांनी सोडला तर लावलेले सगळे उरलेलीचे. लावायला टेलरबाईंच्या डब्यातली बटणे घेत असू. उठताना सगळी बटणे परत डब्यात जात. पैसे कधीही लावले नाहीत.

मला पाने बदलायला जमत नव्हते. आलेली पाचही पाने मी हातात धरून बसत असे. सिस्टर विचारत, "किती देऊ?" मी म्हणे, "नकोत. आहेत ती राहू देत." यावर तिघी एकमेकींकडे बघत आणि पाने ठेवून देत. अशी बरीच बटणे माझ्यापुढे जमली. त्याचे कारण मला कळत नव्हते.

एके दिवशी टेलरबाई हट्टाला पेटल्या आणि त्यांनी माझी पाने उघडायला लावली. दुर्री, पंजी, नव्वी, गुलाम, राणी. रंगही एक नव्हता.

"अगं बाई! हे घेऊन तू आम्हाला रोज घाबरवतेस?"

"मी कुठे घाबरवते?"

सिस्टर हसून डोळे पुसत म्हणाल्या, "अहो, जी एकही पान मागत नाही तिच्या हातात सगळं जुळलेलं आहे, असं समजतात. दुर्री कशाला धरून बसलात?"

"माझ्याकडे आली होती ना."

"आली म्हणून काय जन्मभर सांभाळायची?" टेलरबाई म्हणाल्या आणि लगेच चहा ओतायला उठल्या.

त्यानंतर मला कोणी घाबरेना आणि माझी बटणे भराभर गेली.

काल दुपारी माझ्यापुढे एकही बटण उरले नव्हते. सिस्टरांनी पाने वाटली. मी दोन राजे ठेवले आणि तीन पाने पालथी टाकली. टेलरबाई ओरडल्या, "बघा बघा, हिने पानं टाकली!" सिस्टरांनी मला तीन पाने दिली. ती मी उचलली नव्हती. लावायला काही नव्हते म्हणून मी पाकिटातले पितळी बटण काढून मध्ये ठेवले. मला कोणी सांगितले नव्हते.

ते बटण माझ्या पतींच्या गणवेशाच्या कोटाचे आहे. ते निघाले होते आणि शिवायला त्यांनी माझ्याकडे दिले होते. पण आगीचा भोंगा झाला आणि ते तसेच गेले. आल्यावर लावून देते, असे मी म्हटले होते. कोट परत आला नाही.

नणंद म्हणाली, "वहिनी, दादाचं आहे ते. उचला."

मी म्हटले, "डावात ठेवलेलं उचलत नाहीत. सिस्टरांनीच शिकवलंय, वन्सं."

तिने आपली सगळी बटणे दोन्ही हातांनी पुढे सरकवली. म्हणाली, "मग हे माझं. बघू कोण नेतं ते."

तेवढ्यात शटर वर गेले. दोन पोलीस आणि त्यांच्यामागे दुकानाचे मालक होते. जागा रिकामी करून घ्यायची आहे, हे मालक टेलरबाईंना वर्षभर सांगत आहेत. आत जुगार चालतो, अशी त्यांनी तक्रार दिली होती. हवालदारांनी पत्ते एकत्र केले. माझी तीन पाने त्यातच गेली. बटणे डब्यात भरून डबा जप्त केला. पितळी बटण हातात धरून मालक म्हणाले, "हे घ्या, सोनं लावतात." ते सोने नाही. मी पुसत असते म्हणून चमकते. मागच्या बाजूला दलाचा शिक्का आहे, तो इथे ठाण्यात आल्यावर साहेबांनी भिंग लावून पाहिला.

साहेबांनी समजावून सांगितले की, डावात किंमत असलेली वस्तू लावली असेल तर तो जुगार होतो आणि दुकानाला कुलूप लागते. नसेल तर तो नुसता खेळ. बटण शिवून घ्यायला आणले होते, असे लिहू का, असेही त्यांनी विचारले. मी नको म्हटले. ते मी डावात लावले होते.

मग बटणाची किंमत विचारली. हवालदारांनी 'किरकोळ' असे लिहिले. किरकोळ म्हणजे किंमत धरतात का, असे मी विचारले. साहेब म्हणाले, "धरतात." तेव्हा तो शब्द मी काढायला लावला.

तरी सांगते की, सदर पितळी बटणाला काहीही किंमत नाही. हे मी सांगत असताना माझी नणंद बाकावर बसली होती. ती उठून बाहेर पाणी प्यायला गेली.

बिनकिमती वस्तूची वेगळी पावती मिळत नाही, असे कळले. डबा टेलरबाईंना परत द्यावा. ते बटण त्यातच इतर बटणांबरोबर ठेवले तरी चालेल.

हा जबाब मला वाचून दाखवणार होते, पण चष्मा जवळ होता म्हणून मी स्वतः वाचला. मी सांगितले तेच यात उतरले आहे. एका ठिकाणी खाडाखोड आहे. ती माझ्या सांगण्यावरून केली असून तिच्या शेजारी माझी सही आहे.