पुलावर उचललेला हात

आदरणीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील मान्यवर, आगारातील माझ्या चालक-वाहक बंधूंनो आणि भगिनींनो, आणि आजच्या सत्कारमूर्ती, आपल्या सर्वांच्या ताई,

ताईंच्या पहिल्या फेरीचा वाहक मी होतो, एवढ्याच भांडवलावर मला इथे उभं केलं आहे. अध्यक्षांनी पाच मिनिटं दिली आहेत. वाहक वेळ पाळतो, पण गर्दी दिसली की थोडा रेंगाळतो, हे आपण समजून घ्याल.

आपल्या आगारातून बाई बस घेऊन निघणार, तो पहिलाच दिवस. फाटकाशी ही बघ्यांची गर्दी. वरून हुकूम होता की महिनाभर बघू, एक जरी तक्रार आली तरी प्रयोग बंद. म्हणजे ताई चुकल्या असत्या, तर त्यांच्यामागे येणाऱ्या सगळ्याच जणींचं दार लागलं असतं. पहिल्या थांब्यावर एक आजीबाई चढल्या. चालकाकडे बघितलं, पुन्हा बघितलं आणि पुढच्याच बाकावर बसल्या. त्यांचा थांबा आला तरी उठेनात. मी हटकलं, तर म्हणाल्या, "शेवटपर्यंतचं तिकीट दे रे बाबा. एवढी वर्षं वाट बघितली, आता अर्ध्यात कशाला उतरू?" ते तिकीट फाडताना मला भरून आलं होतं.

आता खरी गंमत सांगतो. समोरून आपली गाडी आली की स्टिअरिंगवरचा एक हात उचलायचा, ही आपली जुनी रीत. त्या दिवशी, खडूस म्हणून नावाजलेल्या आपल्या अण्णांसकट सगळ्यांनी हात उचलला. ताईंनी एकालाही उत्तर दिलं नाही. संध्याकाळी आगारात एकच चर्चा, बाई भलतीच शिष्ट आहे. हळूहळू हात उचलणं थांबलं, चहाला कुणी बोलवेना. अण्णा तर रस्त्यावरची वागणूक बरी नाही, अशी तक्रार करायला निघाले. मग मात्र मी ताईंना सरळ विचारलं. त्या गोंधळून गेल्या.

"अहो भाऊ, तो नमस्कार होता? मला वाटलं, बाजूला हो म्हणताहेत. म्हणून मी दर वेळी गाडी आणखी कडेला घेत होते."

मी हे अण्णांना सांगितलं. मला वाटलं, हसतील. त्यांनी हातातला चहा खाली ठेवला. मग म्हणाले, "तिचं काय चुकलं? आजवर आपण बायकांना दुसरं काय सांगत आलो?"

दुसऱ्या दिवशी समोरून ताईंची गाडी येताच अण्णांनी भर पुलावर गाडी उभी केली, खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि हात उंच करून म्हणाले, "ताई, नमस्कार आहे हो हा. बाजूला होऊ नका." मागे हॉर्नचा नुसता कल्लोळ. ताईंनी एक हात उचलला, जेमतेम वीतभर, आणि लगेच परत ठेवला. तक्रार करायची राहिली ती राहिलीच. अण्णा, आज तुम्ही इथे हवे होतात.

आज सकाळी ताईंच्या शेवटच्या फेरीला मी प्रवासी म्हणून बसलो होतो. समोरून बस घेऊन येणाऱ्या कितीतरी जणींनी हात केला. त्या पुलावर काय घडलं, हे त्यांतल्या बऱ्याच जणींना ठाऊकही नसेल. कुणी नुसता हात केला आणि पुढे गेली, याचंच मला फार बरं वाटलं. पुढचे दिवस कसे येतील अशी धास्ती वाटली, की मी ही सकाळ आठवणार आहे.

आपण शांतपणे ऐकलंत, मी ऋणी आहे. बोलण्याच्या ओघात एखादा थांबा सुटला असेल, कुणाचा उल्लेख राहिला असेल, तर म्हातारा वाहक म्हणून माफ करा. फक्त जागेवर बसण्याआधी सभागृहाला एक विनंती, सगळ्यांनी एक हात उचलावा.

ताई, हा नमस्कार आहे. बाजूला होऊ नका.