फुकटच्या लाउंजची गोष्ट

...आता काय सांगावं तुम्हाले, त्या बँकेवाल्या मॅडमनं पोट्ट्याले 'सर' म्हटलं नसतं ना, तं काहीच झालं नसतं! आसगावच्या धनीराम व्यापाऱ्याचा कुलदीप, भंडाऱ्याले बी.कॉम. करून राहिला, घरी त्याले 'अबे'च्या वर कोणी हाक मारली नाही, अन् मॅडम कॉलेजात टेबल मांडून म्हणते कशी, "सर, तुमच्या नावानं एफडी आहे ना? त्यावर क्रेडिट कार्ड मिळेल सर, एअरपोर्टचा लाउंज फ्री सर!" झालं! पोट्टा तिथंच विरघळला.

वर्गातली रिता म्हणे, "अबे, कागद तं वाच!"

"कायले? वापरतो कोण? वापराचं नाही, फक्त ठेवाचं!"

अन् खरंच वापरलं नाही, तुम्हाले सांगतो! बाकीच्या पोट्ट्यायनं कार्डावर बूट घेतले, मोबाईल घेतले, अन् बिल आलं का एकमेकायच्या तोंडाकडं पाहत बसले. हा मात्र कारध्याच्या पुलावर उभा राहून वैनगंगेकडं पाहे, अन् पाण्यात त्याले दिसे लाउंज... बसलं का माणूस बुडलाच असा सोफा, गार गार हवा, काचेच्या पल्याड इमानं सावकाश सरकून राहिली, अन् कोणी हळूच विचारून राहिलं, "सर, कॉफी?"... तेवढ्यात मागून ट्रकवाला बोंबले, "ए, मराचं हाय का?"

शेवटी गेला ना नागपूरच्या एअरपोर्टले! इस्तरीचा शर्ट घालून, बसनं! दारावर बंदूकवाला. "टिकट?"

"टिकट नाही साहेब, लाउंज आहे."

"बिना टिकट अंदर नहीं, सर."

आता? मोबाईल काढला, दिल्लीचं टिकट उघडलं, कार्डाचा नंबर टाकला, बोट बटनावर... मंग वाटलं, कॉफीसाठी दिल्लीले गेलो तं वापस आणन कोण? "वापराचं नाही, फक्त ठेवाचं," असं पुटपुटला, अन् बाहेरच्या कठड्यावर सांजपर्यंत बसला. एकेक इमान ढगात शिरे, अन् हा बी त्याच्यासंग अर्धा वर जाये...

वर्ष सरलं अन् बिल आलं! यानं फोन लावला, "मॅडम, मी तं एक रुपया खर्च नाही केला!"

"तेच तर सर! खर्च केला नाही म्हणून वार्षिक फी लागली. केला असता तर माफ होती."

रिता म्हणे, "आता आजच्या आज भर, नाही तं याच्यावर व्याज लागन." भरली बिचाऱ्यानं. लगेच मेसेज : अभिनंदन! आपण अत्यंत जबाबदार ग्राहक आहात!

धनीराम विचारे, "काय आलं बे?"

"शाबासकी आली बाबा."

"मंग तोंड काहून उतरलं?"

"विकत घ्या लागली ना..."