‘सातवा बुरूज’ रद्दीत काढताना

...आणि मला एक सांगा, नायिकेला आई का नसते हो? नाही, मला भांडायचं नाहीये, मी आपलं साधं विचारतेय. पहिल्या पानावर असते, दुसऱ्या पानावर पोरीच्या गळ्यात एक लॉकेट घालते, आणि अकराव्या पानाच्या आत... गेली! बापाचं तर विचारूच नका. तो एक तर बेपत्ता, नाहीतर तिसऱ्या भागात कळतं की सगळ्या भानगडीच्या मागे तोच. का? तर आई जिवंत असती तर पुस्तकच झालं नसतं! ‘कुठे निघालीस? राज्य वाचवायला? आधी ते केस विंचर. आणि तो कोण उभा आहे भिंतीला टेकून? त्याला काही कामधंदा नाही का?’ झालं. चौथ्या पानावर कादंबरी समाप्त. माझी आई दातांच्या डॉक्टरांकडे फोन घेते, दिवसभर कळवळणाऱ्या माणसांना ‘अहो, तोंडातला कापूस काढा आणि मग बोला’ असं सांगत असते, तिच्यापुढे कुठला काळ्या झग्यातला सम्राट टिकणार आहे?

आणि तो नायक! टेकतो हो नुसता! भिंतीला टेकतो, दाराला टेकतो, झाडाला टेकतो... पाठीचं दुखणं आहे का त्याला? सरळ उभा म्हणून राहत नाही. त्यातून तो चारशे वर्षांचा अमर राजकुमार असला तर बघायलाच नको. चारशे वर्षं! माणूस जग बघेल, चार भाषा शिकेल, गेला बाजार स्वयंपाक तरी शिकेल... हा काय करतो? अकरावीत नाव घालतो! आणि तिथे बसतो कुठे, तर शेवटच्या बाकावर. टेकून!

आता तुमचा गैरसमज व्हायला नको म्हणून आधीच सांगून ठेवते, मी ही पुस्तकं वाचते ती फक्त अभ्यास म्हणून. लोक काय वाचतात, का वाचतात, हे कुणीतरी बघायला नको का? त्या अभ्यासापायी माझ्या डोक्याला काय ताप झालाय ते ऐकाल तर...

आमच्या वाचनालयात एक पद्धत आहे. वाचनालय म्हणजे फार मोठं नाही, औषधाच्या दुकानाच्या वर दोन खोल्या, जिना असा की वर येईपर्यंत कुठलं पुस्तक हवं होतं ते विसरायला होतं. तर पद्धत अशी, की पुस्तक परत करताना दोन ओळींची चिठ्ठी लिहायची आणि फळ्यावर टाचायची. लोक आपले लिहितात, ‘छान आहे’, ‘आवडले’, ‘शेवटचे पान फाटले आहे, मी नाही फाडले’. आणि मी? मी लिहिलं, ‘नायिका म्हणते ती अगदी साधी आहे, कुणाच्या नजरेत न भरणारी. पान पन्नासपर्यंत तिच्या मागे दोन मुलं, एक सेनापती आणि एक लांडगा लागलेला आहे.’ दुसऱ्या एकावर लिहिलं, ‘सोळा वर्षांची मुलगी सरकार उलथवते. मला सोळाव्या वर्षी एकटीने गॅसचा सिलिंडर बदलू देत नाहीत.’ तुम्हाला सांगते, लोक पुस्तकं सोडून चिठ्ठ्या वाचायला यायला लागले! ग्रंथपाल बाई चष्मा कपाळावर सरकवून म्हणाल्या, ‘परखड आहे हो पोरगी.’ परखड! मी घरी गेले ती तरंगतच गेले. आईला म्हटलं, मी परखड आहे. ती म्हणाली, ‘परखडबाई, कपडे वाळलेत, आत आणा.’

तर ह्या परखडपणाचं फळ म्हणजे, बाईंनी मला शनिवारच्या वाचनगटाची प्रमुख केलं. गटात आम्ही आठ जण, त्यात माझी मैत्रीण फुलस्टॉप. उंचीवरून नाव पडलंय, पण बोलतेही तशीच, एक वाक्य, की विषय बंद. आणि ह्या वर्षी काय झालं, कपाटं भरली. अगदी गच्च! एक पुस्तक आत घालायचं तर दुसरं बाहेर उडी मारतं. बाई म्हणाल्या, ‘तुमच्या वयाची पुस्तकं तुम्हीच निवडा. तीन ढीग करा. चांगली ती कपाटात, फाटकी पण ठेवण्यासारखी ती बाइंडरकाकांकडे, आणि उरलेली रद्दीत. पुढच्या शनिवारी सहाला गाडी येणार. ती थेट कारखान्यात, लगदा करायला. यादीवर सही प्रमुखाची.’ आणि वर एक नियम, ‘बैठकीत ठरलेलं बैठकीतच बदलायचं. मागाहून माझ्या कानाशी येऊन पुटपुटायचं नाही.’

मी तर काय, खुर्चीवरच चढले. ही? रद्दी. दहा पानांचा नकाशा आणि अख्ख्या पुस्तकात नायक गावाबाहेर पडत नाही. ती? रद्दी. नायिका ‘आपण श्वास रोखून धरलाय हे तिच्या लक्षातच आलं नव्हतं’ असं चौदा वेळा! अहो, चौदा वेळा श्वास रोखला तर माणूस लक्षात ठेवतो! पोरं हसतायत, टाळ्या देतायत, मला आणखी चढतंय... आणि तेवढ्यात फुलस्टॉपने एक पुस्तक वर धरलं. ‘सातवा बुरूज’. पाठ निखळलेली, कोपरे गेलेले. म्हणाली, ‘हे?’

आता हे तुमच्याजवळच बोलते हं. ‘सातवा बुरूज’ मी अकरा वेळा नेलंय.

अभ्यास म्हणून!

पण तिथे? सगळे माझ्या तोंडाकडे बघतायत, पुढच्या विनोदाची वाट बघत, हसू ओठांवर तयार ठेवून... आणि माझं तोंड, हे माझंच तोंड बरं का, म्हणालं, ‘हे? ह्यात एक राजकन्या, एक पहारेकरी आणि चारशे पानं जिना! रद्दी!’ काय हसले सगळे! एकटी फुलस्टॉप तेवढी हसली नाही, पण ती कशालाच हसत नाही. पुस्तक ढिगावर जाऊन पडलं. मी सही केली. झोकदार केली, खाली दोन टिंबं देऊन.

पुढचे सात दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. रविवारी पुस्तकांच्या दुकानात गेले. दुकानदार मान हलवून म्हणाला, ‘सातवा बुरूज? ते छापायचं केव्हाच बंद झालं. आठवा चालेल का?’ आठवा काय आठवा! मंगळवारी आणखी एक दुकान, तिथेही तेच. म्हणजे गावात प्रत एक, आणि ती एक मी स्वतःच्या सहीने गोणीत घातलेली! जेवताना आई म्हणाली, ‘घास हातात धरून काय बसलीयेस? कुणी काही बोललं का?’ म्हटलं, काही नाही गं. आता हिला काय सांगू, की मीच बोलले म्हणून?

शुक्रवारी न राहवून वाचनालयाच्या मागच्या खोलीत शिरले. तिथे बाइंडरकाका बसतात, वर्षातून पंधरा दिवस. खळीचं भांडं, दाभण, दोरा, लाकडी शिकंज्यात दाबून ठेवलेली पुस्तकं, आणि भिंतीला ओळीने रद्दीच्या गोण्या. मी आपली सहज आल्यासारखी... ‘काय काका, काम जोरात?’ काका मान वर न करता म्हणाले, ‘कुठलं हवंय?’

‘छे! मला कुठे काय हवंय? मी सहज...’

‘सहज येणारी माणसं गोण्यांकडे बघत नाहीत.’

आणि त्यांनी पायाशी हात घालून पुस्तक काढलं. ‘सातवा बुरूज’! गोणीत नव्हतंच ते, वेगळं काढून ठेवलेलं! म्हणाले, ‘तुला एक गंमत दाखवतो, पोरी. पुस्तक असं पाठीवर उभं धरायचं आणि सोडायचं. जे पान लोक पुन्हा पुन्हा वाचतात ना, तिथे शिवण ढिली होते. ते आपोआप तिथेच उघडतं.’ दुसरं एक घेतलं, सोडलं, फट्! ‘हे बघ, चुंबन.’ तिसरं सोडलं, फट्! ‘चुंबन.’ चौथं... ‘हेही तेच. चाळीस वर्षं बांधतोय, मला न वाचता कळतं कुठल्या पानावर काय चाललंय.’ मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालेलं! मग त्यांनी ‘सातवा बुरूज’ सोडलं. फट्. म्हणाले, ‘आता ह्यातलं चुंबन आहे दोनशे चाळीसला, मी बघून आलो. तिथे शिवण कोरी करकरीत. आणि हे उघडतं दोनशे बाराला. असं पहिल्यांदाच बघतोय. म्हणून वाचून पाहिलं.’

‘मग?’ मी हळूच विचारलं.

‘जिन्यावर बसलेत दोघं. तो विचारतो, भीती वाटतेय का? ती म्हणते, हो. तो म्हणतो, मलाही. मग बसून राहतात. बस, एवढंच.’

एवढंच! अहो, एवढंच तर आहे! बाकीच्या सगळ्या नायिका भीती वाटतेय का विचारलं की तलवार उपसतात. ही एकटी म्हणते, हो, वाटतेय. दोन वर्षांपूर्वी मी नव्या शाळेत आले ना, तेव्हा तीन महिने माझ्याशी कुणी बोलत नव्हतं. मधल्या सुट्टीत मी जिन्यावर बसायचे, हातात हे पुस्तक, आणि रोज तेच एक पान. तिथे कुणीतरी विचारायचं तरी. आता हे मी चिठ्ठीत लिहू? परखड माणसाने?

काकांना एवढं काही सांगितलं नाही. एवढंच म्हटलं, ‘काका, ते गोणीबाहेर राहू शकतं का?’ काका म्हणाले, ‘यादीवर सही तुझी. खोडायची तर तूच खोड. उद्या, सगळ्यांसमोर.’

शनिवारी पाच वाजता उभी राहिले. खालून गाडीचा हॉर्न ऐकू आला, लवकर आली होती मेली! म्हटलं, मला यादीत एक बदल करायचाय. सगळे पुन्हा हसायच्या तयारीत. म्हटलं, ‘सातवा बुरूज’ रद्दीत जाणार नाही. मी ते अकरा वेळा वाचलंय. आणि... आणि अभ्यास म्हणून नाही वाचलं. आवडतं म्हणून वाचलंय.

शेजारच्या खोलीतून काकांचा दाभण कागदातून जाताना ऐकू येत होता.

मग माझं जे सुटलं ते सुटलंच! जिना सांगितला, मधली सुट्टी सांगितली, दोनशे बारा पान तर तोंडपाठ म्हणून दाखवलं, बोलता बोलता डोळ्यांतून पाणी काय, नाक काय... शी! कुणी हसलं नाही. मधेच फुलस्टॉप म्हणाली, ‘मी सहा वेळा.’ एवढंच म्हणाली, विषय बंद. आणि मग एकेक जण... ‘मी चार’, ‘मी दोन, पण एकदा रात्रभर’... चोर कुठले! सगळे अभ्यासच करत होते! पेपर वाचायला आलेले चार आजोबासुद्धा मान वर करून विचारायला लागले, ‘कुठलं हो पुस्तक? जिन्याचं?’ बाईंनी यादी पुढे केली, मी ती ओळ खोडली, गाडी बाकीच्या गोण्या घेऊन गेली. मी इतकी हलकी झाले होते म्हणून सांगू, की मी आणखी वीस मिनिटं बोलले.

आणि इथेच घात झाला. कारण मी बोलत होते तेव्हा बाईंनी एक कोरा कागद फिरवायला सोडला होता. ‘सातवा बुरूज’ कुणाकुणाला हवं, क्रमाने नावं लिहा, प्रत्येकी पंधरा दिवस. माझ्या तोंडून दोनशे बारा पान ऐकता ऐकता लोक तिकडे नावं लिहीत होते! कागद माझ्यापर्यंत आला तेव्हा माझा नंबर किती असावा? चौदावा! माझ्या वर फुलस्टॉप, तिच्या वर ते चार आजोबा, आणखी वर बाई स्वतः...

म्हटलं, ठीक आहे. चौदा तर चौदा. पुस्तक रद्दीतून वाचलं ना? बास. सहा-साडेसहा महिने, कळ काढू.

आणि सगळ्यात वर पहिलं नाव कुणाचं? बाइंडरकाकांचं! मागच्या खोलीत गेले विचारायला, तर ‘सातवा बुरूज’ मांडीवर उघडं, पान पहिलं. मला म्हणाले, ‘तू एवढं बोललीस, आता सुरुवातीपासून बघावं म्हटलं. आधी वाचतो, मग बांधतो, मग बाकीच्यांना. पंधरा दिवसांचा नियम बांधायच्या पुस्तकाला लागू नाही, बाईंना विचारलं मी.’ म्हटलं, वाचा की काका, सावकाश वाचा. तर माणूस इतका खूश झाला! म्हणाले, ‘सावकाशच वाचतो मी, पोरी. डोळे दुखतात ना. घरी नेतो, रोज एक पान.’

चारशे अठरा पानांचं आहे हो ते!