गाणारी कोण

बसथांब्याच्या बाकावर टायपिस्टबाई बसल्या होत्या. समोर घरकाम करणाऱ्या दोघी बोलत उभ्या होत्या, एक वयस्कर, एक तरुण.

“आज आमच्या बाईंनी मैत्रिणींना ते सगळीकडे वाजतंय ना, भांडीवालीचं गाणं, ते लावून ऐकवलं.”

“तुमच्या पोरानं म्हटलेलं?”

“पोरीनं म्हण. बाई म्हणून राहायला लागून दोन वर्षं झाली तिला आता.”

“चुकलं, मावशी. मग?”

“बाई हातात घासणी घेऊन नाचल्या. एक पाहुणी म्हणाली, गाणारा बाप्या आहे की बाई, काही पत्ता लागत नाही.”

“तुम्ही गप्प बसलात?”

“म्हटलं, बाईच आहे. माझी मुलगी आहे. तर सगळ्या हसल्या. मग मी तिला फोनच लावला, सगळ्यांना ऐकू जाईल असा.”

“काय म्हणाली?”

“म्हणाली, आई, धुणं वाळत घालतेय, नंतर बोलू.”

“ओळखला त्यांनी आवाज?”

“ओळखला. बाईंनी गाणं बंद केलं. मला म्हणाल्या, अहो, बसा ना. अकरा वर्षांत पहिल्यांदा.”

“मग बसलात?”

“कुठे बसू? सगळ्या खुर्च्या भरलेल्या. राहिलेले कप विसळले आणि निघाले.”

टायपिस्टबाईंनी बाकावरची पिशवी उचलून मांडीवर घेतली आणि त्या थोड्या सरकून बसल्या.