दावणीची तीनचाकी

…आन् वर मलाच म्हणतात, राहीबाई, तुमीच इस्कोट केला! म्या? आवं, मी आपली नुसती बघायला गेलेले!

तुम्हांला सांगते, पहिल्यापासनं सांगते, मग तुमीच ठरवा. आमच्या शेजारचा लालासाहेब, मिल्ट्रीत हवालदार. एकाहत्तरच्या लढाईत उजवा पाय मांडीपासनं गेला, आन् गडी कुबड्या घेऊन कोरेगावला घरी आला. आता गल्लीचा त्याच्यावर जीव हो, लय जीव! दोन वर्षांत एकट्याला उंबरा म्हणून ओलांडू दिला न्हाई कुणी. कुबडीला हात लागायचा अवकाश, चार माणसं धावायची, उचलायची, बैलगाडीत ठेवायची, मळ्यात नेऊन आंब्याखाली बसवायची, आन् भोवती बसून ऱ्हायची… त्याला एकटं वाटू नये म्हणून! त्यो बिचारा म्हणायचा, "काकी, एकदा, फकस्त एकदा मला एकट्याला मळ्यात जाऊ द्या." मी म्हणायचे, "जा की बाबा! थांब, चपला घालते, मी येते संगं."

मग पुण्याच्या मिल्ट्रीच्या हापिसातनं ती गाडी आली. तीन चाकं, एकच शीट, स्कूटरसारखं हँडल, पायाला काम कायबी न्हाई, ब्रेक हातात, गेर हातात, आन् आवाज म्हणाल तर पिठाच्या गिरणीचा! संगं छापील कागद. आठ दिवस गाडी रोजच्या वापराला लावून बघायची, मग साताऱ्याचा साहेब येऊन तपासणार. चालली तर लालासाहेबाची, न्हाई चालली तर दुसऱ्या जवानाला. कागद मीच वाचून दाखवला, सातवी झालीय माझी! तसं कुणी वाचायला बोलवलं नव्हतं म्हणा… मी आपली नुसती बघायला गेलेले!

तेवढ्यात आला तात्याबा. आमच्याकडं नवा बैल घ्यायचा तर तात्याबाला दाखवल्याबिगर कुणी कासरा हातात धरत न्हाई. त्यानं काय करावं? गाडीला तीन फेऱ्या मारल्या, पाठीवर थाप मारली, वंगाळ जागी केसांचा भोवरा हाय का म्हणून बोट फिरवलं, आन् घातला की हात पोटाखाली! गाडी नुकतीच थांबलेली, खालची नळी तापून लाल… "आयाया! लाथ झाडती गं ही!" मग बोटावर फुंकर मारत म्हणतो कसा, "लालासाब, जनावर तालेवार हाय, पर बुजरं हाय. नवं जनावर लगीच कामाला जुपायचं नसतंय. दोन दिस दावणीला बांध, घराची वळख पडू दे."

आन् बांधली हो! दाव्यानं! म्हशीशेजारी! लालासाहेब कुबडीवर वरडतोय, "आवं तात्याबा, हिला इंजान हाय!" तर तात्याबा, "मंग तर बांधाच!" म्हशीनं पहिल्याच दिवशी शिटाचा कोपरा चघळला. तिला वळख पडली म्हणायची!

दोन दिस गेले, सहा उरले. आता कागदावर 'रोजचा वापर' लिवलंय, पण कुणाचा रोजचा, त्ये लिवलंय कुठं? लालासाहेबाची बायको साळूबाई म्हणाली, "माझं रोजचं दळण." एक दिस गिरणीत गेला. गल्लीतल्या दगडाबाईचं रोजचं दूध, दोन दिस तिनं नेले. तात्याबानं तर बैलाचा जोर बघत्यात तसा हिचा बघायचा म्हणून उसाची भरली बैलगाडी, तिची चाकं बांधून, हिच्यामागं जुपली! दिवसभर खोकली बिचारी. आन् माझा एक वैरणीचा भारा. एकच! बरं, दोन. मोकळी उभी दिसली, ठेवला, आवं मी आपली नुसती बघायला गेलेले! लालासाहेब मातूर आठी दिवस ओट्यावर. का म्हणजे? नवी गाडी, त्याला काय झालं म्हंजे?

नवव्या दिवशी साहेब आला. म्हणाला, "हवालदार, चढावर चालवून दाखवा." मळ्याच्या वाटंला तो मोठा चढ हाय बघा, तितं. लालासाहेब बसला, इंजान धडधडलं, गाडी चढाला लागली… आन् आमाला ऱ्हावतंय व्हय? अख्खी गल्ली मागनं भिडली! "लावा रं जोर! हैऽऽस!" साहेब वही काढून लिवतोय आन् मोठ्यानं वाचतोय, "चढावर गाडी आपणहून चालत नाही. सोळा माणसे ढकलतात." मी ढकलत नव्हते हां, हात लावून बघत होते! साहेबानं वही मिटली. "ही गाडी परत न्यावी लागेल."

लालासाहेबाचं तोंड असं पांढरं पडलं… मग गडी ताठ बसला, आन् असा आवाज काढला म्हणता, झाडावरची पाखरं उडाली. "सावधाऽऽन!"

आता निम्मी गल्ली मिल्ट्रीच्या पेन्शनीतली! तात्याबाची टाच टाचेला लागली! "पीछेऽ मुड!" सगळी वळली गावाकडं. बायका वळल्या. मी वळले! मागं इंजानाचा आवाज वर वर गेला, बारीक झाला, चढापल्याड गेला… आन् आमी थांबलेलो तसंच! 'विश्राम' कुणी म्हणलं न्हाई ना! जन्मात पहिल्यांदा मी वळून बघितलं न्हाई हो!

शेवटी साहेबानंच 'विश्राम' म्हणलं. मग दोन तास बसला तो आमच्या ओट्यावर, तीन वेळा चहा झाला. तिसऱ्या च्याच्या येळंला लालासाहेब आला, एकटा, तोंड कसं उजळलेलं! मी इच्चारलं, "एवढा येळ काय करत होतास रं मळ्यात?"

"कायबी न्हाई काकी. बसलोवतो."

साहेबानं परत वही उघडली. "चढ?"

"झकास, साहेब."

"एकट्यानं बसणं-उतरणं?"

"झकास."

"रोजच्या वापरात काही अडचण?"

"गाडीची कायबी न्हाई साहेब. गल्ली तेवढी बदलून मिळंल का?"

मी हसले, सगळीच हसली. साहेब हसला न्हाई… त्या बाबानं ते लिवून घेतलं की हो! शिक्का मारला! आता तुमीच सांगा, गाडी पास झाली त्ये ब्येस झालं, पण पुण्याच्या हापिसात आमची अख्खी गल्ली नापास म्हणून बसलीय, तिची फेरपरीक्षा कुणाकडं मागायची?