एकुलती श्रोती

दाढ ठणकत असल्याने मास्तरांना तोंड उघडायची सोय नव्हती. कान मात्र उघडेच होते. दवाखान्यात शेजारच्या बाकावर नणंद-भावजय बसल्या होत्या.

“वहिनी, आमच्या आरोग्य पॉडकास्टचे आपल्या बोलीतले भाग बंद करताहेत. बाकीच्या भाषा राहतील.”

“का गं? आवाज तर छान आहे तुझा.”

“आवाजाला कोण विचारतंय! साहेबांना सगळ्या समाजांपर्यंत पोचायचंय, आणि आपल्यातून ऐकणारं एकच माणूस निघालं. साहेब म्हणाले, त्यानंही चुकून लावलं असेल.”

“चुकून कसलं? सासूबाई आहेत त्या.”

“आई? अगं, बाळंतपणानंतरची काळजी सांगते मी त्यात!”

“म्हणूनच परवा माझ्या हातातली बादली काढून घेतली. म्हणे, टाके ओले असताना जड उचलू नये. धाकटा कॉलेजात गेला माझा!”

“रोज ऐकते?”

“रोज, जेवताना. तू सुरुवातीला ‘नमस्कार, कशा आहात?’ म्हणतेस ना, तिथे थांबवतात, ‘बरी आहे गं’ म्हणतात, मग पुढचं लावतात.”

“उद्याचा शेवटचा भाग आहे, वहिनी.”

“मग फोन करत जा त्यांना.”

“करते की. पण ‘कशी आहेस’ म्हटलं की ती गुडघ्यापासून सुरू करते, म्हणून मी ते विचारतच नाही.”